‘सोव्हिएत’ म्हणजे नक्की काय? सल्ला, संपकऱ्यांची सभा, देश आणि शिवी

प्रश्न असा आलाय की ‘सोव्हिएत’चा रशियन भाषेत अर्थ नुसता ‘सल्ला’ असा आहे हे खरं का, आणि खरं असेल तर एवढ्या साध्या शब्दाचं अख्ख्या देशाचं नाव कसं झालं, शिवाय आज रशियात कोणी हा शब्द वापरला तर तो अभिमानाने म्हणतोय की नावं ठेवतोय हे कसं ओळखायचं. मी गेली अठ्ठावीस वर्षं रशियनवरून भाषांतर करतेय, दुभाषी म्हणूनही बरंच काम केलंय, आणि या एका शब्दाने मला जितक्या वेळा थांबायला लावलंय तितकं दुसऱ्या कुठल्याच शब्दाने नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. हो, सल्ला हा अर्थ आहे, आणि तो आजही रोजच्या वापरात आहे. डॉक्टर काय म्हणाले, मैत्रिणीने काय सुचवलं, सगळं ‘सव्येत’च. उच्चार सव्येत असाच करायचा, जोर दुसऱ्या अक्षरावर, कारण रशियनमध्ये जोर नसलेला ‘ओ’ बोलताना ‘अ’सारखा होतो. आपलं ‘सोव्हिएत’ हे इंग्रजी पेपरांमधून आलं, जुन्या मराठी लिखाणात तर ‘सोव्हिएट’ असं पण दिसतं. ते आता रुळलंय, बदलायची काही गरज नाही, फक्त रशियन माणसासमोर बोलताना सव्येत म्हणा म्हणजे त्याला लगेच कळेल.

पण सल्ला हा त्या शब्दाचा एक कोपरा झाला. शब्द फोडला तर ‘सो’ म्हणजे एकत्र, सोबत, आणि ‘व्येत’ हे बोलण्याशी संबंधित जुनं स्लाव्ह मूळ. तेच मूळ ‘प्रिव्येत’मध्ये आहे म्हणजे नमस्कार-चमत्कार, तेच ‘अत्व्येत’मध्ये म्हणजे उत्तर. म्हणजे सव्येत म्हणजे मिळून बोलणं. आपला ‘संवाद’ जसा बनलाय तसाच, आणि यातला ‘सो’ आपल्या ‘सम्’चा लांबचा भाऊ आहे हे पण बरोबर आहे, पण मग लोक उत्साहात ‘व्येत’ म्हणजे ‘वद’ असं जोडून मोकळे होतात ते मात्र चूक, ती मुळं वेगळी आहेत. मला विचाराल तर मराठीत सगळ्यात जवळचा शब्द सल्ला नाही, ‘सल्लामसलत’. त्यातली मसलत महत्त्वाची, कारण एकटा माणूस सल्ला देऊ शकतो, मसलत करायला दोघं तरी लागतातच. १९व्या शतकातल्या दालच्या प्रसिद्ध रशियन शब्दकोशात तर ‘सव्येत’चा अजून एक अर्थ सापडतो, एकोप्याने राहणं.

याच मुळातून आलेला अजून एक शब्द सांगते, ‘व्येचे’. नोव्हगोरोद नावाचं उत्तरेकडचं जुनं व्यापारी शहर, तिथे मोठी घंटा वाजवून नगरसभा भरवायचे, राजालासुद्धा तिथे बोलावून घ्यायचे आणि पटला नाही तर काढून टाकायचे. त्या सभेचं नाव व्येचे. १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इवानने नोव्हगोरोद जिंकलं तेव्हा ती घंटा उतरवून मॉस्कोला नेली. लोकांनी जमून बोलायचं, याची रशियातली आठवण बरीच जुनी आहे, आणि ती हिसकावून घेतल्याची आठवण पण तेवढीच जुनी.

पुढे हा शब्द गेला दरबारात. पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये सरकारी नोकरांच्या १४ पायऱ्या ठरवल्या, त्यात ‘सव्येत्निक’ म्हणजे सल्लागार असे कितीतरी हुद्दे होते. वरच्या पायरीवर ‘गुप्त सल्लागार’, आणि नवव्या पायरीवर ‘तित्युल्यार्नी सव्येत्निक’, म्हणजे नुसता नावाचा सल्लागार. हा बिचारा दिवसभर कचेरीत कागदांच्या नकला करायचा, कोणी त्याला आयुष्यात एकदा पण सल्ला विचारलेला नसायचा. १८१० मध्ये पहिल्या अलेक्झांडरने ‘गसुदार्स्त्व्येन्नी सव्येत’ म्हणजे राज्य परिषद स्थापन केली, कल्पना स्पेरान्स्की या त्याच्या सल्लागाराची. परिषदेने चर्चा करायची, मत द्यायचं, आणि झारने बहुमताचं ऐकायचं की अल्पमताचं हे झारने ठरवायचं. या परिषदेच्या शताब्दीच्या बैठकीचं इल्या रेपिनने काढलेलं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे, ४ मीटर उंच आणि जवळजवळ पावणेनऊ मीटर लांब, पूर्ण भिंत. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा गोल मांडलेल्या लाल खुर्च्या, सोनेरी कशिदा केलेले गणवेश, पांढऱ्या दाढ्या आणि टकलं यांच्यापलीकडे काही दिसेचना. ती बैठक ७ मे १९०१ ची, कारण शंभर वर्षं १८०१ मधल्या तिच्या आधीच्या परिषदेपासून मोजली होती. म्हणजे २०वं शतक उजाडताना साध्या रशियन माणसाला ‘सव्येत’ म्हटलं की एक तर घरातला सल्ला आठवायचा नाहीतर ही सोनेरी मंडळी.

आणि त्यानंतर फक्त चार वर्षांनी हाच शब्द गिरणी कामगारांनी उचलला. हे मला आजही थरारक वाटतं.

इवानोवो-वोझ्नेसेन्स्क हे कापड गिरण्यांचं गाव, त्याला रशियाचं मँचेस्टर म्हणायचे. मे १९०५ मध्ये तिथे मोठा संप झाला. गावात सभा घ्यायला बंदी आली म्हणून कामगार तालका नावाच्या छोट्या नदीच्या काठी जमायला लागले, गिरणीगिरणीतून दीडशेच्या आसपास प्रतिनिधी निवडले, त्यात बायकाही होत्या. अध्यक्ष झाला आवेनिर नोझ्द्रिन, व्यवसायाने कोरीवकाम करणारा आणि कवी. मागण्या काय, तर आठ तासांचा दिवस, पगारवाढ, दंड बंद करा. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा होते त्यांना ही यादी वाचून वेगळं काही सांगायला नको. ३ जूनला तालकाच्या काठावर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, तरी संप ७२ दिवस चालला. गंमत म्हणजे सुरुवातीला या मंडळींनी स्वतःला ‘प्रतिनिधींची सभा’ म्हटलं होतं, पण पुढे इतिहासात पहिलं सोव्हिएत म्हणून नाव झालं ते त्यांचंच.

नावासकट ही गोष्ट पक्की झाली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, सेंट पीटर्सबर्गला. दर ५०० कामगारांमागे एक प्रतिनिधी, ‘कामगार प्रतिनिधींचं सोव्हिएत’. संप चालवायचं काम होतं म्हणून सुरू झालं आणि बघता बघता शहरच चालवायला लागलं, स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, त्याचं नाव ‘इज्वेस्तिया’. अध्यक्ष होता ख्रुस्तल्योव-नोसार नावाचा वकील, तो पकडला गेल्यावर त्रोत्स्की वगैरे मंडळी पुढे आली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अख्खं सोव्हिएतच अटकेत गेलं. जेमतेम पन्नास दिवस. पण एक गोष्ट लोकांच्या डोक्यात राहिली, की इथे प्रतिनिधी पाच वर्षांसाठी निवडून जात नाही, काम आवडलं नाही तर कारखान्याने उद्या सकाळी त्याला परत बोलवायचं आणि दुसरा पाठवायचा. सोव्हिएतची ताकद त्यात होती.

आता १९१७. इथे मी नवीन भाषांतरकारांना नेहमी अडवते, कारण आपल्याकडे सोव्हिएत म्हणजे बोल्शेविक, म्हणजे लेनिनचा पक्ष, असंच धरून चालतात. तसं अजिबात नव्हतं. फेब्रुवारी क्रांतीत झारशाही पडली तेव्हा पेत्रोग्रादच्या (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) ताव्रिचेस्की राजवाड्यात एका बाजूला हंगामी सरकार बनवणारी दूमाची, म्हणजे झारच्या काळातल्या संसदेची, मंडळी आणि त्याच इमारतीत दुसऱ्या बाजूला कामगार आणि सैनिक प्रतिनिधींचं सोव्हिएत, दोन्ही एकाच वेळी, म्हणून त्या काळाला ‘द्वोयेव्लास्तिये’ म्हणजे दुहेरी सत्ता म्हणतात. त्या सोव्हिएतचा अध्यक्ष छ्खेईद्झे मेन्शेविक, म्हणजे बोल्शेविकांच्या विरोधातल्या नेमस्त समाजवादी गटाचा होता, बहुमत मेन्शेविक आणि समाजवादी-क्रांतिकारक पक्षाचं, बोल्शेविक अगदी थोडे. लेनिन एप्रिलमध्ये परत आला आणि त्याने ‘सगळी सत्ता सोव्हिएतांना’ ही घोषणा धरली, जुलैमध्ये बोल्शेविकांची धरपकड झाली आणि सोव्हिएतांनी साथ दिली नाही तेव्हा त्यानेच ती घोषणा मागे घ्यायला लावली, आणि सप्टेंबरमध्ये पेत्रोग्राद-मॉस्कोच्या सोव्हिएतांमध्ये बोल्शेविकांना बहुमत मिळाल्यावर परत पुढे काढली. घोषणेतले शब्द तेच राहिले, ती कोणाच्या तोंडी आहे आणि कुठल्या महिन्यात आहे यावर तिचा अर्थ ठरला. भाषांतर करताना पत्राची, पत्रकाची तारीख आधी बघायची सवय मला इथे लागली.

माझ्या मते हा शब्द आतून तुटला तो मार्च १९२१ मध्ये, क्रोनश्टाटला. बाल्टिक समुद्रातला नौदलाचा किल्ला, तिथले खलाशी क्रांतीचे कट्टर शिपाई. त्यांनी ठराव केला, त्यातली पहिलीच मागणी अशी की आत्ताची सोव्हिएतं कामगार-शेतकऱ्यांचं म्हणणं मांडत नाहीत, तेव्हा गुप्त मतदानाने ताबडतोब नव्याने निवडणुका घ्या. त्यांची घोषणा होती, सत्ता सोव्हिएतांना, पक्षांना नव्हे. म्हणजे १९१७ चीच घोषणा, पण या वेळी बोल्शेविकांच्या विरुद्ध. बर्फ झालेल्या समुद्रावरून फौज चालवत नेऊन १८ मार्चपर्यंत तो उठाव चिरडला. त्यानंतर सोव्हिएतं राहिली, इमारती राहिल्या, शिक्के राहिले, पण मिळून बोलून ठरवणं संपलं. ठरायचं पक्षाच्या कार्यालयात, सोव्हिएतमध्ये हात वर व्हायचे. पुढे १९३६ च्या घटनेने ‘वेर्खोव्नी सव्येत’ म्हणजे सर्वोच्च सोव्हिएत आणलं, मतपत्रिकेवर उमेदवार एकच, वर्षातून दोनदा थोड्या दिवसांचं अधिवेशन, सगळे ठराव एकमताने.

आणि गंमत बघा, शब्द आतून रिकामा होत होता त्याच काळात त्याला सगळ्यात मोठा मान मिळाला. ३० डिसेंबर १९२२ ला जो देश झाला त्याच्या नावात ना कुठली नदी ना डोंगर, ना जात ना भाषा, चारही शब्द राजकीय: संघ, सोव्हिएत, समाजवादी, प्रजासत्ताकं. तेव्हा कल्पना अशी होती की जगातला कुठलाही देश उद्या यात सामील होऊ शकेल, म्हणून मुद्दाम रशिया हा शब्द ठेवला नाही.

यातली अजून एक गोष्ट मराठी वाचकाला सहसा माहीत नसते. संघातल्या बऱ्याच भाषांनी ‘सोव्हिएत’ हा शब्द उचलला नाही, आपापला शब्द लावला. युक्रेनियनमध्ये ‘राद्यान्स्की’, त्यांच्या ‘राडा’ म्हणजे सभा या शब्दावरून. एस्टोनियन, लात्वियन, लिथुआनियन, जॉर्जियन, आर्मेनियन सगळ्यांनी आपापल्या भाषेतला सल्ला-सभा हाच शब्द घेतला. शेजारच्या फिनिश भाषेत तर त्या देशाचं नाव आजही अक्षरशः ‘परिषद-संघ’ असंच निघतं. पोलिशमध्ये दोन रूपं: ‘राजेत्स्की’ हे सरकारी सभ्य रूप, आणि ‘सोव्येत्स्की’ हे रशियन शब्द तसाच ठेवलेलं, ते तिरस्काराने म्हणायचं. युक्रेनमध्ये पण अलीकडे लोक मुद्दाम ‘राद्यान्स्की’ टाळून ‘सोव्येत्स्की’ म्हणतात, ही वस्तू आमची नव्हती, बाहेरून आली होती हे दाखवायला. शब्दाचं भाषांतर करणं म्हणजे तो आपला म्हणणं, आणि न करणं म्हणजे परका ठेवणं. आपण मराठीत केलं नाही, तसाच घेतला, पण आपल्याकडे त्यात तिरस्कार नव्हता. उलट गिरणगावात लाल बावट्याच्या सभांमधून तो आशेचा शब्द म्हणून आला, १९२८ च्या संपानंतर तिथे गिरणी समित्या झाल्या त्यांचं काम बघितलं तर १९०५ च्या सव्येतशी त्याचं नातं लगेच दिसतं. नंतरच्या पिढीला सोव्हिएत म्हणजे मीर, प्रोग्रेस, रादुगाची स्वस्त सुंदर पुस्तकं आणि ‘सोव्हिएत लँड’ या नियतकालिकाचा गुळगुळीत कागद, ज्याची वह्यांना कव्हरं घातली जायची. माझ्या भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी बाई होती.

आता तिसरा प्रश्न, अभिमान की टोमणा. यासाठी एक घर दाखवते. १९९६ मध्ये मी शिकायला वरोनेझला होते आणि एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहायचे, मी त्यांना बाबुश्का म्हणायचे म्हणजे आजी. आयुष्यभर कारखान्यात काम केलेली बाई, त्या हिवाळ्यात पेन्शन दोन-दोन महिने येत नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरात एक फ्रिज होता, बंद होऊन परत सुरू होताना सगळी भांडी थरथरायची, आणि त्या त्याच्यावर हात ठेवून म्हणायच्या, ‘नाश, सव्येत्स्की’, आपला आहे, सोव्हिएत आहे. म्हणजे मजबूत, प्रामाणिक, फसवणूक न करणारा. त्यांचा नातू तेव्हा विशीतला, तो एकदा केर काढत होता, सुपली उचलून मला दाखवली आणि म्हणाला, हे काय आहे माहितेय? ‘सवोक’. मग आजीच्या फ्रिजकडे, भिंतीवरच्या गालिच्याकडे, काचेच्या कपाटाकडे बोट दाखवत गेला, सवोक, सवोक, सवोक. रशियनमध्ये सवोक म्हणजे केर भरायची सुपली, आणि ‘सव्येत्स्की’शी आवाज जुळतो म्हणून १९८० च्या दशकात तो बोलीत सोव्हिएत देशाला, तिथल्या माणसाला आणि त्याच्या वृत्तीला लावायला लागले. रांगेत निमूट उभं राहणारा, वरिष्ठांना घाबरणारा, खिडकीमागे बसली तर तुमच्यावर खेकसणारी, ते सगळं सवोक. आजी त्याला काही बोलल्या नाहीत, सुपली त्याच्या हातातून घेतली आणि उरलेला केर स्वतः भरला. मला त्या दिवशी कळलं की एकाच घरात, एकाच भाषेत, हा शब्द दोन वेगळे शब्द आहे.

त्याआधी एक थोडा काळ असा आला होता की मूळ अर्थ परत येतोय असं वाटलं. १९८८-८९ मध्ये गोर्बाचोवच्या काळात ‘सगळी सत्ता सोव्हिएतांना’ ही घोषणा पुन्हा निघाली, या वेळी पक्षाकडून सत्ता काढून निवडून आलेल्या सभांना द्या या अर्थाने. मे १९८९ मध्ये नव्या लोकप्रतिनिधी काँग्रेसचं कामकाज टीव्हीवर लाइव्ह दाखवलं, लोक कामं टाकून बघत बसले, सरकारवर टीका करणारे शास्त्रज्ञ साखारोव बोलायला उभे राहिले की सभागृह हुर्यो करायचं तरी ते बोलत राहिले. पण देशच टिकला नाही. २६ डिसेंबर १९९१ ला सर्वोच्च सोव्हिएतच्याच एका सभागृहाने सोव्हिएत संघ संपल्याची घोषणा केली. आणि ४ ऑक्टोबर १९९३ ला मॉस्कोमध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनच्या रणगाड्यांनी ‘दोम सव्येतोव’ म्हणजे सोव्हिएत-भवनावर तोफा डागल्या, आत रशियाचं सर्वोच्च सोव्हिएत बसलेलं होतं. त्यानंतर रशियाच्या संसदेच्या खालच्या सभागृहाला परत झारच्या काळातलं नाव मिळालं, दूमा.

आज काय आहे? ‘सव्येत’ कुठेच गेलेला नाही. संसदेचं वरचं सभागृह ‘सव्येत फेदेरात्सी’, बातम्यांमध्ये नुसतं ‘सोवफेद’. सुरक्षा परिषद ‘सोवबेझ’, आणि हे त्यांच्या देशातल्या परिषदेला पण म्हणतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला पण, तेव्हा बातमी कुठली आहे ते बघून मग लिहा. २००० साली पुतिननी ‘गसुदार्स्त्व्येन्नी सव्येत’ नावाची राज्य परिषद नव्याने स्थापन केली आणि २०२० च्या दुरुस्तीत तिला घटनेत जागा मिळाली. नाव तेच, १८१० चं, आणि प्रमुख राष्ट्राध्यक्ष स्वतः. रेपिनच्या चित्रातल्या खुर्च्या मला त्या बातमीचं भाषांतर करताना डोळ्यासमोर आल्या. दुसरीकडे दुकानात आइस्क्रीमवर, आटवलेल्या दुधाच्या निळ्या-पांढऱ्या डब्यावर सोव्हिएत काळातली चव म्हणून जाहिरात असते आणि ती खपते, कारण विकत घेणाऱ्याला त्यात बालपण दिसतं, आणि ज्यांच्या आजोबांना रात्री घरातून उचलून नेलं त्यांच्या घरी तोच शब्द आवाज खाली आणून बोलतात.

म्हणून भाषांतर करणाऱ्यांसाठी माझी पद्धत सांगते. १९०५ आधीचा मजकूर असेल तर परिषद किंवा सल्ला लिहायचं, सोव्हिएत लिहायचंच नाही. १९०५ ते १९२१ असेल तर सोव्हिएत लिहायचं, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘कामगार प्रतिनिधींची सभा’ असं वाक्यातच सांगून टाकायचं, नाहीतर वाचकाला तो देश वाटतो. नंतरच्या काळात देश आणि विशेषण दोन्हीसाठी सोव्हिएत ठीक. ‘सवोक’ला मात्र मराठीत एक शब्द नाही, मी प्रत्येक वेळी वाक्य बघून वळवते, कधी ‘जुन्या राजवटीचा अवशेष’, कधी नुसतं ‘सरकारी खाक्या’, आणि कडवटपणा कमी होणार नाही हे बघते. आणि आजच्या साध्या संस्थांना सोव्हिएत म्हणू नका हो, एका भाषांतरात मी ‘शाळेतलं शिक्षक सोव्हिएत’ असं वाचलंय, मूळ शब्द होता ‘पेद-सव्येत’, म्हणजे शाळेतली शिक्षकांची मीटिंग!

एका जागी मात्र हा शब्द हजार उलथापालथी होऊनही जिथे होता तिथेच आहे. रशियन लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देतात, ‘सव्येत दा ल्युबोव’. शब्दशः केलं तर ‘सल्ला आणि प्रेम’, आणि मी स्वतः सुरुवातीला एका लग्नाच्या टोस्टचं तसंच भाषांतर केलं होतं, बोलताना. समोरचे मराठी पाहुणे गोंधळले, नवऱ्याच्या मावशीने मला हळूच विचारलं की सल्ला कोण कोणाला देणार म्हणे. इथला सव्येत म्हणजे दालच्या कोशातला तो जुना, एकमेकांशी बोलून, जुळवून, एकोप्याने राहणं. आता कोणी विचारलं की मी एका दमात सांगते, नांदा सौख्यभरे.